इंजिन चालू असताना हेलिकॉप्टर शेतात का उलटतं?

प्रश्न: "सर, मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. आषाढीला आणि निवडणुकीच्या दिवसांत आमच्या डोक्यावरून हेलिकॉप्टरं सारखी जात असतात. लहान हेलिकॉप्टर सावधगिरी म्हणून शेतात उतरवताना उलटलं, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. इंजिन चालू, पायलट शुद्धीवर, जागा मोकळी, मग शेवटच्या दहा-वीस फुटांत असं होतं तरी काय? आणि एवढं सगळं चालू होतं तर सरळ सोलापूर विमानतळच का गाठू नये?"

उत्तर:

दुसरा भाग आधी घेतो. अपघात झाला की गावात, टीव्हीवर, कधीकधी कंपनीच्या ऑफिसातसुद्धा पहिलं वाक्य हेच असतं: "चालत होतं ना, मग उतरवलं कशाला?" हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ते पुढच्या पायलटच्या कानात राहतं. त्याच्यापुढे तशीच वेळ येते तेव्हा तो उतरत नाही, पुढे जातो. लष्करात चेतक आणि चीता, नंतर नागरी सेवेत लहान हेलिकॉप्टरं उडवण्यात आणि मग तरुणांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. उतरण्याचा निर्णय चुकला म्हणून झालेले अपघात मला फार दिसले नाहीत. निर्णय बरोबर असतो. बिघडतं ते त्याच्यानंतर, कारण हातात वेळ असताना पायलट वेळ नसल्यासारखा उतरतो.

हा फरक नीट समजून घ्या. इंजिन बंद पडलं तर ती सक्तीची उतराई. पायलटला निवड नसते. कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम कमी-जास्त करणारा दांडा, खाली न्यायचा, पंखा वाऱ्यावर फिरता ठेवायचा आणि समोर येईल ती जागा घ्यायची. सावधगिरीची उतराई वेगळी. मशीन उडतं आहे, पॉवर आहे, पण काहीतरी ठीक नाही. एखादा दिवा लागला, तेलाचा दाब खाली आला, थरथर वाढली, जळका वास आला किंवा समोर पावसाची भिंत उभी राहिली. अशा वेळी पायलटकडे दोन गोष्टी असतात ज्या सक्तीच्या उतराईत नसतात: पॉवर आणि काही मिनिटं. त्या दोन्ही वापरायच्या असतात.

आता सोलापूर गाठण्याचं. पंढरपूरहून सोलापूरचं होटगी रोडवरचं विमानतळ सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. रॉबिन्सन आर-४४ सारख्या चार आसनी हेलिकॉप्टरला तिथे पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं जमिनीवरून वाटतं. पण याच आर-४४ मध्ये कमी इंधनाचा दिवा लागला, तर नेहमीच्या वेगाला साधारण १० मिनिटांचंच इंधन उरलेलं असतं. मंगळवेढा मागे पडून बेगमपूर-कामतीच्या शेतांवर असतानाच इंजिन थांबेल, आणि मग निवड उरणार नाही.

गिअरबॉक्सचा चिप लाइट लागला तर गणित वेगळं. गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबक बसवलेलं असतं. धातूचा कण त्याला चिकटला की दिवा लागतो. पुष्कळदा तो नुसता बारीक कीस निघतो. कधी बेअरिंगचा तुकडाही असतो. उत्पादकाचं पुस्तक सांगतं की दिव्याबरोबर आवाज, थरथर किंवा वाढलेलं तापमान असेल तर तत्काळ उतरा. दुसरं काही लक्षण नसेल तर सोयीची जागा बघून शक्य तितक्या लवकर उतरा. म्हणजे "सोलापूरला जाऊ की इथेच उतरू" याचं एक उत्तर नाही, दिव्यागणिक ते वेगळं असतं. ते पायलटला पाठ असावं लागतं, कारण पुस्तक उघडून वाचत बसण्याची ती घडी नसते.

हवामानाच्या बाबतीत मात्र मी कोणालाही मोकळ्या मनाने सांगतो: खाली उतरा. विमानाला धावपट्टी लागते, हेलिकॉप्टरला ज्वारी काढलेलं एक रान पुरतं. हेच त्याचं सगळ्यात मोठं बळ आहे. अमेरिकेत २६ जानेवारी २०२० रोजी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जण ज्या हेलिकॉप्टरमध्ये गेले, त्याच्या इंजिनात दोष नव्हता. पायलट ढगांत शिरला आणि त्याचं दिशेचं भान सुटलं, हे तिथल्या तपास यंत्रणेने नोंदवलं. हेलिकॉप्टर असोसिएशन इंटरनॅशनल या संस्थेने "लँड अँड लिव्ह" नावाची मोहीम याचसाठी चालवली होती: उतरा आणि जगा. आपल्याकडे मे महिन्यातला वळीव किंवा सप्टेंबरातला पाऊस समोरून येताना दिसतो. सभेला उशीर होईल म्हणून त्यात घुसायचं नसतं.

आता पहिला भाग: शेवटच्या वीस फुटांत काय होतं.

सगळ्यात आधी हवा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान १२ अंश धरतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४२ अंश असतं, म्हणजे ३० अंश जास्त. दर अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने पंख्याला आणि इंजिनाला हवा इतकी विरळ लागते की जणू हेलिकॉप्टर ५,१०० फुटांवर उडतं आहे. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. थोडक्यात, मे महिन्याच्या दुपारी मोहोळच्या शेतात उतरणारा पायलट, मशीनच्या दृष्टीने, महाबळेश्वरपेक्षा उंच जागी उतरत असतो. सकाळी सातला चौघांना घेऊन आरामात हॉवर झालेलं, म्हणजे हवेत एका जागी उभं राहिलेलं, तेच हेलिकॉप्टर दुपारी दोनला तितक्याच वजनासह हॉवर होईलच असं नाही.

पुढे उडताना हे जाणवत नाही. वेग असला की पंख्याला ताजी हवा मिळत राहते आणि कमी पॉवरमध्ये वजन उचललं जातं. वेग साधारण १६ ते २४ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) खाली आला की ती मदत सुटते. नेमकं त्याच वेळी पॉवरची मागणी एकदम वाढते. पायलट कलेक्टिव्ह वर ओढतो. इंजिनाकडे आणखी द्यायला काही नसेल तर पात्यांचा कोन वाढतो, रोध वाढतो आणि पंख्याचे फेरे पडू लागतात. पंख्याची उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेरे ९० टक्क्यांवर आले तर उचल ८१ टक्क्यांवर येते. हेलिकॉप्टर आणखी खाली बसतं, पायलट आणखी ओढतो, फेरे आणखी पडतात. आर-४४ मध्ये ९७ टक्क्यांना भोंगा वाजतो. खरं तर तो भोंगा सांगत असतो की कलेक्टिव्ह जरा सोड. पण जमीन जवळ येत असताना हात खाली नेणं मनाच्या फार विरुद्ध असतं. ते फक्त सरावाने येतं, म्हणून मी शिष्यांकडून ते पुन्हा पुन्हा करवून घेत असे.

शेपटीचा पंखा मुख्य पंख्याशी गिअरने जोडलेला असतो. मुख्य पंख्याचे फेरे पडले की त्याचेही पडतात आणि नाक फिरू लागतं. अमेरिकी बनावटीत ते उजवीकडे फिरतं. चेतक-चीता मूळ फ्रेंच आराखड्याची, त्यांचा पंखा उलट फिरतो, म्हणून तिथे डावीकडे. लष्करातून नागरी सेवेत आलेल्या माणसाने हे पायांना मुद्दाम शिकवावं लागतं. घाबरलेल्या क्षणी पाय जुन्या सवयीने चालतात.

दुसरं कारण वारा, आणि माझ्या मते घाईचं सगळ्यात मोठं भाडं इथेच भरावं लागतं. दिवा लागला, खाली मोकळं रान दिसलं, पायलट सरळ तिकडे वळला. वारा कुठून आहे हे बघायचं राहून गेलं. समजा १० नॉटचा वारा पाठीमागून आहे. जमीन खालून जाते आहे त्यावरून डोळा सांगतो की वेग अजून २५ नॉट आहे, सगळं ठीक. प्रत्यक्षात हवेतला वेग १५ उरलेला असतो. म्हणजे वेगामुळे मिळणारी ती मदत पायलटला कळायच्या आधीच सुटलेली असते. त्यातून उतरण्याचा दर मिनिटाला ३०० फुटांच्या वर गेला तर पंखा स्वतःच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात बसतो. तिथे पॉवर ओढली की हेलिकॉप्टर आणखी जोरात खाली जातं. सुटका पुढे किंवा बाजूला सरकण्यात असते, पण पन्नास फुटांवर तेवढी जागा नसते. मागून किंवा बाजूने आलेला वारा शेपटीच्या पंख्यालाही बेजार करतो, तो वेगळाच.

आणि वारा ओळखायला आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर, वीटभट्टी, पेटवलेलं उसाचं पाचट, देवळावरचा भगवा, उजनीच्या पाण्यावरच्या लाटा, नांगरणाऱ्या ट्रॅक्टरमागची धूळ. एक चक्कर मारली की दिसतं. त्या चक्करला दोन मिनिटं लागतात. दुपारी वावटळी फिरत असतात, त्यांच्यावर मात्र शेवटच्या क्षणापर्यंत नजर ठेवावी लागते.

मग जमीन. तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुस्तकं परदेशात लिहिलेली असतात आणि त्यांत आपली काळी माती नसते. पाऊस झाल्यावर दोन-चार दिवसांनी काळ्या रानाचा वरचा थर वाळलेला दिसतो, खाली चिखलच असतो. एका बाजूचं स्किड, म्हणजे हेलिकॉप्टर ज्यावर टेकतं तो खालचा आडवा दांडा, त्यात रुततं. दुसरी बाजू हलकी आहे म्हणून पायलट सरळ करायला सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर कलवायचा दांडा, दाबतो, किंवा "इथे नको" म्हणून पुन्हा उचलायला जातो. रुतलेलं स्किड सुटत नाही आणि उंबऱ्याला पाय अडकलेला माणूस जसा पुढे कोसळतो तसं हेलिकॉप्टर त्या स्किडभोवती आडवं होतं. जमिनीवर नुसतं उभं असलेलं हेलिकॉप्टर पुष्कळ उतार सोसतं. पण पंखा जोरात ओढत असताना आणि कलायला सुरुवात झाल्यावर ५ ते ८ अंशांतच हातातून जातं, तेही एक-दोन सेकंदांत. उपाय एकच, कलेक्टिव्ह हळूच खाली. वर ओढणं म्हणजे उलटण्याला बळ देणं. इंजिन चालू असताना, माणूस शुद्धीवर असताना, मोकळ्या जागी उलटतं ते बहुधा असं.

उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात आणि नांगरलेल्या रानात ढेकळं असतात. भर दुपारी सावली पडत नाही, त्यामुळे वरून ते रान तळहातासारखं सपाट दिसतं. उभ्या उसावर हॉवर करू नये. कठीण जमिनीजवळ पंख्याला जो आधार मिळतो तो उसाच्या शेंड्यांवर मिळत नाही, आणि दहा फूट उसात शेपटी गेली की खेळ संपला. ज्वारी काढलेलं रान चांगलं, पण कडब्याच्या गंजीपासून दूर. आणि वाळलेल्या उंच गवतात आर-४४ उतरवू नये असं त्याच्या पुस्तकातच बजावलं आहे. एक्झॉस्ट जमिनीच्या जवळ असतो, फार तापलेला असतो, गवत पेट घेतं. शिवाय द्राक्षाच्या मांडवाच्या तारा, डाळिंबाच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या, शेडनेट आणि मल्चिंगचा प्लास्टिक कागद. तो कागद पंख्याच्या वाऱ्याने उडून वर येतो आणि पात्यात किंवा शेपटीच्या पंख्यात जातो. मुरमाड माळरान मला सगळ्यांत आवडतं. धूळ कमी, जमीन कठीण, नजर दूरवर जाते.

धुळीचं थोडक्यात सांगतो. कोरड्या मातीत शेवटच्या दहा-पंधरा फुटांत आजूबाजूचं सगळं दिसेनासं होऊ शकतं. अशा जागी हॉवर करत रेंगाळायचं नाही. थोडा पुढचा वेग ठेवून धूळ मागे राहील असं टेकायचं. सभेसाठी केलेल्या हेलिपॅडवर टँकरने पाणी मारतात ते याचसाठी. सावधगिरीच्या उतराईत टँकर नसतो. ३ मे २०२४ ला महाडमध्ये सुषमा अंधारे यांना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरताना धुळीत कोलमडलं, ते दृश्य तुम्ही पाहिलं असेल. ती ठरलेली जागा होती. अनोळखी रानात काय होऊ शकतं याची कल्पना त्यावरून येते.

तारा. वरून तार दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून खांब शोधायचे, आणि दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चालायचं. महावितरणच्या अकरा केव्हीच्या ओळी, विहिरीकडे गेलेली एकच तार, डीपीचे ताण, यांचं जाळं आपल्या बागायती पट्ट्यात दाट आहे. त्यावर मोठ्या वाहिन्या आहेत. रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची वाहिनी, जिने ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडलं, ती आपल्याच जिल्ह्यात येते. अशा ओळी ओलांडायच्या तर मनोऱ्यावरूनच. निलंग्याला २५ मे २०१७ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही क्षणांत खाली आलं आणि तारांत सापडलं. सगळे वाचले. ते मोठं, दोन इंजिनांचं सिकोरस्की होतं. मे महिन्याची दुपार आणि जवळ तारा, एवढं त्यालाही भारी पडलं.

रस्त्यावर उतरण्याचा मोहही होतो, कारण रस्ता सपाट आणि कठीण दिसतो. ७ जून २०२५ ला उत्तराखंडात गुप्तकाशीजवळ केदारनाथला निघालेलं हेलिकॉप्टर अडचण आल्यावर रस्त्यावर उतरलं. प्रवासी सुखरूप राहिले, पण शेपूट उभ्या मोटारीवर आदळलं. तिथे डोंगर होता, दुसरी जागा मिळणं अवघड. आपल्याकडे माळ सोडून रस्ता धरायचं कारण सहसा नसतं.

एक कारण असं आहे की ज्याचा तपास अहवालात एखादाच शब्द सापडतो, ते म्हणजे गर्दी. पायलटने रिकामं रान निवडलं, चक्कर मारली, वाऱ्याकडे तोंड केलं, सगळं नीट केलं. तेवढ्यात वस्तीवरची पोरं, मग मोठी माणसं, मग मोटारसायकली त्याच रानाकडे धावतात. शंभर फुटांवर त्याला समोर माणसं दिसतात. तो बाजूला सरकतो, म्हणजे न पाहिलेल्या जागी, आडव्या वाऱ्यात, वाढीव पॉवर ओढत. त्याने घेतलेली सगळी काळजी त्या दहा सेकंदांत वाया जाते. म्हणून तुम्हाला, तुमच्या भावकीला आणि वस्तीवरच्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: हेलिकॉप्टर खाली येताना दिसलं तर बांधाच्या अलीकडेच थांबा. लेकरांना धरून ठेवा. तुम्ही लांब थांबलात तर त्या चौघांचा जीव वाचवायला तुमचाच हातभार लागतो.

पायलट वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच की उंचावरून एक चक्कर आणि मग खालून एक, या दोन्ही टाळू नका. जागेचा आकार, उतार, तारा, जमीन, सूर्य, वारा, आणि बाहेर पडायची वाट. पन्नास फुटांवर पॉवर किती लागते आहे ते पाहा. अंदाजापेक्षा जास्त लागत असेल तर वेग असतानाच निघा आणि दुसरी जागा घ्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत कार्ब्युरेटरच्या इंजिनात तीस अंशांनाही बर्फ धरू शकतो. पॉवर कमी करून उतरताना कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणं, विसरलात तर सावधगिरीची उतराई तिथल्या तिथे सक्तीची होते. तत्काळ उतरायलाच हवं अशी लक्षणं असतील, म्हणजे धूर, जोराची थरथर, घसरणारा तेलाचा दाब, तर यातलं बरंच सोडून द्यावं लागतं, हे मला मान्य आहे. पण तेव्हाही वाऱ्याकडे तोंड करणं सोडू नये.

आता उलटलंच तर काय करायचं, कारण पहिले पोहोचणार तुम्हीच. पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नका. सरळ उभं असेल तर पुढून, पायलटला दिसाल असे, त्याने खूण केल्यावरच जा. शेपटीकडून कधीच नाही. शेपटीचा पंखा फिरत असताना दिसत नाही. थांबत आलेली पाती लवून माणसाच्या डोक्याच्या उंचीला येतात. टोपी, उपरणं उडालं तर त्याच्या मागे धावू नका. आर-४४ मध्ये पेट्रोलसारखं ज्वालाग्राही विमान इंधन असतं, तेव्हा बिडी-काडी लांब, ट्रॅक्टरही लांब. ११२ ला फोन करा आणि गावाबरोबर जवळची खूण सांगा. आग किंवा इंधनगळती नसेल तर जखमींना ओढू नका. पट्ट्यात उलटा लटकलेला माणूस असेल तर आधी त्याला खालून धरा, मग पट्टा सोडा, नाहीतर मानेवर पडेल. माणसं बाहेर काढण्यापलीकडे एकही तुकडा हलवू नका आणि घरी नेऊ नका. विमान अपघात अन्वेषण ब्युरोचे लोक येतात तेव्हा स्किडची खूण, ढेकळावरचा ओरखडा, तुटलेलं पातं कुठे पडलं, यावरूनच त्यांना शेवटचे सेकंद वाचता येतात.

आणि सुखरूप उतरलं असेल तर त्याला पुन्हा उडवायची घाई कोणीही करू नये. चिप लाइट लागलेला असेल तर इंजिनिअर येऊन चुंबकाचा प्लग काढून बघेपर्यंत ते तिथेच राहील, मग रात्र झाली तरी चालेल. संध्याकाळी हवा थंड झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, रिकाम्या आसनांनी, एकट्या पायलटने ते बाहेर काढावं. आत बसलेले पाहुणे कितीही मोठे असोत आणि सभेची वेळ कितीही जवळ आलेली असो, त्यांना तुमच्या गावातल्या कोणाच्यातरी गाडीत बसवून रस्त्याने सोलापूरला पाठवा.